गोरोंगोझाचे अरण्य आणि बिनसुळ्यांच्या हत्तिणी

आफ्रिकेतील वन्यप्राण्यांचा विषय निघाला की दोन-तीन ठरलेली नावे आपल्या तोंडी येतात. केनियातील मसाई मारा, टांझानियातील सेरेंगेटी, दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर. भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत 'सव्हाना प्रदेश' या प्रश्नाखाली आपण हीच उदाहरणे लिहितो. मीही लिहिली आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मोझांबिक देशातील गोरोंगोझा या राष्ट्रीय उद्यानात तीन दिवस राहण्याचा योग मला आला. माझे थोरले काका नोकरीनिमित्त बैरा बंदरात राहतात, म्हणूनच हे घडले. परत आल्यावर ज्यांना ज्यांना सांगितले त्यांपैकी एकानेही हे नाव ऐकलेले नव्हते. बहुतेकांचा पहिला प्रश्न "जिराफ पाहिलास का?" असा होता. जिराफ तेथे नाहीत. गेंडे एकेकाळी होते, ते संपले. तेव्हा ज्यांना प्राण्यांची यादी हवी आहे त्यांची या लेखाने थोडी निराशाच होईल. मला तेथे जे पाहायला मिळाले ते प्राण्यांइतकेच इतिहासाचेही होते, आणि त्यातील बराचसा भाग तर पाहूनही मला आधी कळला नव्हता.

वाचकांनी क्षणभर नकाशा समोर घ्यावा. आफ्रिकेच्या पूर्वेकडून उत्तर-दक्षिण गेलेली महाखचदरी आपण अभ्यासली आहे. तिचे दक्षिण टोक मोझांबिकच्या मध्यभागी, सोफाला प्रांतात उतरते. तेथे भूमी खचून झालेला एक रुंद, सपाट तळ आहे. समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. पूर्वेस चेरिंगोमाचे चुनखडीचे पठार, पश्चिमेस एकटाच उभा असलेला गोरोंगोझा पर्वत. त्याची उंची १,८६३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशेहून अधिक मीटर जास्त. हिंदी महासागरावरून येणारे बाष्प या पर्वतावर अडते. माथ्यावर दाट सदाहरित अरण्य आहे आणि तेथून बारमाही ओढे खाली उतरतात. हे सारे पाणी दरीच्या तळाशी उरेमा नावाच्या उथळ सरोवरात गोळा होते व पुढे पुंग्वे नदीतून बैराजवळ समुद्राला मिळते. पावसाळ्यात हे सरोवर सुमारे दोनशे चौरस किलोमीटर पसरते आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीस आटत आटत दहाच्या आसपास येते. पाणी ओसरेल तसतसे मागे कोवळे गवत उगवते, आणि त्या गवताच्या मागोमाग प्राणी सरकत राहतात. उद्यानाचे सारे जीवन या एका भरती-ओहोटीवर चालते. डोंगर उद्यानाच्या जुन्या हद्दीबाहेर होता, म्हणजे तिजोरी आत आणि किल्ली बाहेर असा प्रकार. केनेथ टिन्ली या परिस्थितिशास्त्रज्ञाने ही गोष्ट सत्तरीच्या दशकातच आग्रहाने मांडली होती. सातशे मीटरांच्या वरचा पर्वत उद्यानात आला तो २०१० मध्ये.

बैराहून आम्ही पहाटे निघालो. डोंडो, न्यामातांडा ही गावे मागे टाकून इंचोपच्या तिठ्यावर उत्तरेकडे वळायचे. रस्त्याच्या कडेला काजूची झाडे, कसाव्याची शेते आणि ओळीने उभी केलेली कोळशाची पोती. काजू पाहून मला कोकणात आल्यासारखे वाटले. काकांनी आठवण करून दिली की हे झाड आपलेही नव्हे आणि त्यांचेही नव्हे. पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून दोन्हीकडे नेले. त्या पोत्यांची आठवण मात्र मला पुढे वारंवार झाली. इतका कोळसा कोठल्या तरी झाडांचाच होणार.

उद्यानाचे ठाणे चितेंगो येथे आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीचे दिवस, म्हणजे तेथला वैशाख. पाऊस तोंडावर आलेला, हवा भट्टीसारखी. दुपारी चारच्या सुमारास उघड्या गाडीतून आम्ही निघालो. गाडीत आम्ही दोघे व एक वाटाड्या. हा तरुण जवळच्याच गावचा. पोर्तुगीज, सेना आणि इंग्रजी या तिन्ही भाषा तो सारख्याच सहजतेने बोलत होता. पहिला अर्धा तास काटेरी झुडपे, ताडाची बने, मधूनच बबूनांचा कळप. मग एकदम पिवळट-हिरव्या बुंध्याच्या बाभळींचे एक बन लागले. आपल्या हिवराची आठवण यावी अशी ही झाडे. युरोपियन लोक त्यांना 'तापाचे झाड' म्हणत, कारण त्यांच्या सावलीत तळ दिला की हिवताप येतो असा त्यांचा समज होता. झाड बिचारे दलदलीपाशी उगवते आणि डासही दलदलीतच होतात, एवढाच त्यातला संबंध. परीक्षेत सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक विचारला तर हे उदाहरण देण्याजोगे आहे.

बन संपले आणि समोर उरेमाचे मैदान उघडले. तो देखावा शब्दांत सांगणे मला जमेल असे वाटत नाही. क्षितिजापर्यंत सपाट हिरवळ, दूर पाण्याची चमकती रेघ, तिच्यावर करकोचे व पेलिकन, काठावर ओंडक्यांसारख्या पडलेल्या मगरी. आणि त्या हिरवळीवर, नजर जाईल तेथवर, हजारोंनी वॉटरबक. हे घोड्याएवढे, दाट केसांचे, कुरंगवर्गातले जनावर. त्याच्या पार्श्वभागावर पांढरे वर्तुळ असते, जणू ओल्या रंगाच्या पाटावर बसून उठले असावे. आम्ही मोजायचा प्रयत्न केला आणि चारशेच्या पुढे नाद सोडला. काका म्हणाले, "आता कशाला सेरेंगेटी?" मलाही तसेच वाटले. वाटाड्या हसला, पण काही बोलला नाही. त्याच्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

मैदानाच्या कडेला एक पडके सिमेंटचे घर आहे. १९४० च्या सुमारास तेथे उद्यानाचे पहिले ठाणे बांधले गेले. पुराच्या पाण्यामुळे ते सोडावे लागले, आणि माणसे गेल्यावर त्यात सिंह राहू लागले. गच्चीवर पहुडलेल्या सिंहांची छायाचित्रे त्या काळी प्रसिद्ध होती, आणि त्या वास्तूला 'सिंहांचे घर' असेच नाव पडले. आम्ही गेलो तेव्हा तेथे एक सरडा होता.

आता थोडा इतिहास. मोझांबिक हा पोर्तुगीजांचा प्रदेश होता हे आपण जाणतो. मात्र १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालत असे, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. गोव्याचे व्हाइसरॉय हेच तेथले वरिष्ठ अधिकारी. त्यामुळे झांबेझीच्या खोऱ्यात गोवेकरांची ये-जा होती, आणि त्यांतील काहींनी तेथे मोठमोठ्या जहागिऱ्या मिळवल्या. गोरोंगोझाशी तर एका गोवेकराचे नाव कायमचे जोडलेले आहे. मानुएल आंतोनियु द सोझा हा १८३५ मध्ये गोव्यात जन्मला, तरुणपणी आफ्रिकेत गेला, आणि गोरोंगोझा डोंगराच्या परिसरात 'आरिंगा' म्हणजे लाकडी तटबंदीच्या गढ्या बांधून त्याने जवळजवळ स्वतंत्र राज्य उभारले. स्थानिक लोक त्याला गोव्हेया म्हणत. पोर्तुगीज सरकारने त्याला कॅपितांव-मोर ही पदवी दिली, बारुए राज्याच्या माकोंबे घराण्याशी त्याने सोयरीक केली. पदरी बंदूकधारी शिकाऱ्यांची फौज आणि उत्पन्नाचे मोठे साधन म्हणजे हस्तिदंत. १८९० मध्ये ब्रिटिश कंपनीच्या लोकांनी त्याला पकडले, सुटून परत आला तेव्हा त्याचा प्रदेश उठला होता, आणि १८९२ मध्ये तो लढाईत मारला गेला. आपल्याकडच्या एखाद्या पाळेगाराची हकीकत वाचावी तसे हे वाटते. फरक इतकाच की येथे आपला माणूस बाहेरून गेलेला होता.

हस्तिदंत कोठे जात असे? बराचसा हिंदुस्थानात. अठराव्या शतकात दीव आणि सुरत येथील गुजराती व्यापारी मोझांबिकच्या किनाऱ्यावर कापड नेत आणि परतीच्या जहाजात हस्तिदंत भरून आणीत. पश्चिम हिंदुस्थानात लग्नाच्या चुड्यांना त्याची प्रचंड मागणी होती. आमच्या घरी फडताळात पणजीची एक हस्तिदंती फणी अजून आहे. तिचा दात मलबारातल्या हत्तीचा की आफ्रिकेतल्या, हे आता कोण सांगणार? पण गोरोंगोझाहून परत आल्यावर मी ती फणी एकदा हातात घेऊन पाहिली एवढे खरे.

पुढे हा मुलूख मोझांबिक कंपनी नावाच्या एका सनदी व्यापारी संस्थेकडे गेला. १९२० मध्ये कंपनीने एक हजार चौरस किलोमीटर जंगल राखून ठेवले. कशासाठी, तर कंपनीच्या अधिकाऱ्यांना व पाहुण्यांना शिकार करता यावी म्हणून. स्थानिक माणसाने त्याच जंगलात मांसासाठी हरीण मारले तर तो मात्र गुन्हा. 'संरक्षण' या शब्दाचा जन्म पुष्कळ ठिकाणी असाच झालेला आहे, हे वन्यजीवांविषयी लिहिताना आपण विसरू नये असे मला वाटते. पुढे सरकारने ताबा घेतला, शिकार थांबली आणि १९६० मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. साठीच्या दशकाअखेर टिन्लीने विमानातून मोजणी केली. तिचे आकडे असे: हत्ती सुमारे २,२००, रानम्हशी १४,०००, नू ५,५००, झेब्रे ३,०००, पाणघोडे ३,५००, सिंह २००. आणि वॉटरबक? अवघे ३,५००. हा शेवटचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले. दोन वर्षांत यादवी पेटली. एका बाजूस फ्रेलिमो पक्षाचे सरकार, दुसऱ्या बाजूस रेनामो. रेनामोला आधी ऱ्होडेशियाच्या आणि मग दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीने पोसले. रेनामोचे मुख्य ठाणे होते गोरोंगोझाच्याच परिसरात. डिसेंबर १९८१ मध्ये चितेंगोवर हल्ला झाला, १९८३ मध्ये उद्यान बंद पडले, आणि पुढची नऊ वर्षे या दरीत दोन्ही सैन्ये एकमेकांचा पाठलाग करीत राहिली. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे तह झाला तोवर देशातली सुमारे दहा लाख माणसे लढाईने, उपासमारीने व रोगाने मेली होती. हा आकडा लिहिताना लेखणी अडखळते. प्राण्यांविषयी हळहळण्याआधी तो सांगणे मला भाग वाटले.

सैनिकांना खायला मांस हवे होते आणि बंदुकांसाठी पैसा हवा होता. मांसासाठी म्हशी, झेब्रे, नू, पैशासाठी हत्ती. तह झाल्यावरही दोनेक वर्षे शिकार चालूच राहिली, कारण आता भुकेल्या लोकांना आणि व्यापाऱ्यांना अडवणारे कोणीच नव्हते. मोठे प्राणी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. चौदा हजार रानम्हशींपैकी शंभरसुद्धा उरल्या नाहीत. चितेंगोत एक जुनी भिंत गोळ्यांच्या खुणांसह उभी आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. खुणा कमरेच्या उंचीवर अधिक होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांला हत्ती दिसले. तापाच्या झाडांच्या कडेला अकरा-बारा जणींचा कळप होता, दोन पिले होती. आफ्रिकी हत्तींच्या कळपाची प्रमुख वयोवृद्ध हत्तीण असते. ही हत्तीण चांगलीच थोराड, कान कडेला फाटलेले. तिला सुळे नव्हते. मी वहीत 'हत्तिणी, पिले' एवढेच टिपले, कारण मला त्यात काहीच वावगे दिसले नाही. आपल्याकडे हत्तिणीला सुळे नसतातच. फार तर ओठाआड बोटभर दात असतात. बिनसुळ्याचा नर असला तर त्याला आपण 'मखना' म्हणतो आणि ते वैशिष्ट्य समजतो. वाटाड्याने माझ्या वहीत डोकावून विचारले, "काही विचित्र दिसले का?" मी नाही म्हणालो. तेव्हा त्याने सांगितले की आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात. एरवी शंभर हत्तिणींत बिनसुळ्यांच्या मोजक्याच आढळाव्यात. समोरच्या कळपात मोठ्या सात हत्तिणी होत्या, त्यांतल्या चौघींना सुळे नव्हते.

कारण सोपे आहे आणि भयंकर आहे. ज्या हत्तिणींना सुळे होते त्या मारल्या गेल्या. ज्या जन्मतःच बिनसुळ्यांच्या होत्या त्यांच्यावर गोळी वाया घालवण्याचे कारण नव्हते, म्हणून त्या उरल्या आणि त्यांनाच पुढे पिले झाली. यावर शास्त्रज्ञांच्या एका गटाने केलेला अभ्यास २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. युद्धापूर्वीच्या जुन्या चित्रफिती मिळवून त्यांनी त्यांतल्या हत्तिणींचे सुळे पाहिले, आणि आजच्या हत्तिणींशी ताडून पाहिले. १९७२ मध्ये तेथे २,५४२ हत्ती होते, २००० मध्ये उरले २४२. बिनसुळ्यांच्या हत्तिणींचे प्रमाण याच काळात १८.५ टक्क्यांवरून ५०.९ टक्क्यांवर गेले. युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणींतही ते ३३ टक्के आहे, म्हणजे बंदुका थांबल्या तरी परिणाम पुढच्या पिढीत उतरला.

वर्गात डार्विन शिकताना नैसर्गिक निवड ही लक्षावधी वर्षांची गोष्ट अशी माझी समजूत झाली होती. येथे ती पंधरा वर्षांत झाली आणि निवड करणारा हात माणसाचा होता. पण याहून चमत्कारिक गोष्ट वेगळीच आहे. गोरोंगोझात बिनसुळ्यांच्या हत्तिणी आहेत, बिनसुळ्याचा नर मात्र आढळत नाही. आपल्या मखन्याच्या अगदी उलट. हा गुणधर्म 'एक्स' या लिंगसूत्राशी जोडलेला आहे. मादीजवळ दोन 'एक्स' असतात; एकात बिघाड असला तर दुसरा तिला जगवतो, फक्त सुळे येत नाहीत. नराजवळ 'एक्स' एकच. तोच बिघडलेला मिळाला तर तो गर्भ जन्माला येत नाही. म्हणजे बिनसुळ्याच्या आईचे निम्मे मुलगे जन्माआधीच मरतात, आणि तिच्या जगलेल्या पिलांत सुमारे दोन-तृतीयांश मुली असतात. ज्या गुणाने आईला बंदुकीपासून वाचवले तोच तिचे मुलगे नेतो. हे ऐकल्यावर मी त्या फाटक्या कानांच्या हत्तिणीकडे पुन्हा पाहिले. हत्ती साठ वर्षे जगतो. हिने हे सारे स्वतः पाहिलेले असण्याचा पुष्कळ संभव होता.

तिलाही आमच्याविषयी असेच काही वाटत असावे. वारा फिरला तसे तिने डोके वर केले, कान पसरले आणि सरळ गाडीच्या रोखाने धावत आली. वाटाड्याने आधीच गाडीचे तोंड वळवून ठेवले होते. तरीही त्या वीस-पंचवीस सेकंदांत काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. ती चाळीस पावलांवर थांबली, धूळ उडवली आणि परत फिरली. वाटाड्या म्हणाला, येथल्या म्हाताऱ्या हत्तिणी गाड्यांना क्षमा करीत नाहीत. तरुण त्यांचे पाहून शिकतात. इतर उद्यानांत हत्ती गाडीशेजारी शांतपणे चरतात. येथे तसे व्हायला अजून वेळ लागेल.

संध्याकाळी पुन्हा मैदानावर गेलो तेव्हा वॉटरबककडे मी निराळ्या नजरेने पाहिले. युद्धापूर्वी ३,५०० असलेले हे प्राणी २०१८ च्या मोजणीत ५५,००० हून अधिक भरले. मोठ्या तृणभक्षकांत चारातले तीन तेच. म्हशी, पाणघोडे, झेब्रे यांची जागा मोकळी झाली आणि सिंह जवळजवळ उरले नाहीत, तेव्हा ज्याला आधी संधी मिळाली त्याने मैदान व्यापले. काल ज्या दृश्यावर आम्ही खूष झालो होतो ते रिकाम्या झालेल्या घरात एकाच भावाने पथारी पसरावी तसे होते.

आज उद्यान उभे आहे याचे श्रेय अनेकांना आहे. १९९४ पासून पन्नासेक नवी माणसे पहाऱ्यावर घेतली गेली. त्यांतले बहुतेक माजी सैनिक होते. ज्यांनी बंदूक चालवली त्यांच्याच हाती राखणीची बंदूक आली. पुढे ग्रेग कार हा अमेरिकन धनिक २००४ पासून या कामात पडला आणि २००८ मध्ये त्याच्या संस्थेने सरकारशी वीस वर्षांचा करार केला. म्हशी, नू, पाणघोडे बाहेरून आणून सोडण्यात आले. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून चौदा रानकुत्रे आणले, त्यानंतर बिबटे व तरस. मांसाहारी प्राणी मुद्दाम का आणायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका सुंदर प्रयोगात आहे. बुशबक हे मुळात झाडीत दडून राहणारे लाजरे हरीण. बिबटे नाहीसे झाल्यावर ते उघड्या मैदानात येऊन निर्धास्तपणे चरू लागले. संशोधकांनी ध्वनिक्षेपकावरून बिबट्याचा आवाज ऐकवला, त्याच्या वासाच्या खुणा ठेवल्या, आणि ही हरणे पुन्हा झाडीकडे सरकली. म्हणजे भीती विसरली गेली होती, पण पुसली गेली नव्हती.

झाडाझुडपांचीही तीच कथा. मोठे तृणभक्षक गेल्यावर अमेरिकेतून आलेली एक काटेरी मिमोसा, म्हणजे आपल्या लाजाळूची दांडगी बहीण, मैदानभर माजली. जनावरे वाढली तशी त्यांनी ती खाऊन मागे रेटली. कोणते जनावर काय खाते हे लिदीतील डीएनए तपासून ठरवतात. हे काम उद्यानातल्या प्रयोगशाळेत मोझांबिकचीच मुले-मुली शिकत आहेत. आमच्या वयाची एक विद्यार्थिनी कीटकांच्या पेट्या लावत बसली होती. तिला मी विचारले, "पदवीनंतर काय करणार?" तिने आश्चर्याने पाहिले आणि पेटीकडे बोट दाखवले. आमच्या वर्गात या प्रश्नाला इतके लहान उत्तर मी ऐकलेले नाही.

हे सर्व कौतुकाचे असले तरी माझ्या मनात एक शंका राहिली, ती लपवून ठेवणे बरे नाही. उद्यानाच्या भोवतालच्या पट्ट्यात सुमारे दोन लाख लोक राहतात, बहुतेक हातावर पोट असलेले शेतकरी. ठाण्यावर जप्त केलेल्या सापळ्यांचा ढीग आहे. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांना दाते पाडून बनवलेले हे सापळे. सिंहाचा पाय त्यात सापडला की तो जन्माचा लंगडा होतो. पाहून संताप येतो. पण ते लावणारा माणूस रानडुकराच्या मांसासाठी लावतो, आणि त्याच्या आजोबांनी त्याच जंगलात कंपनीच्या पाहुण्यांना शिकार करताना पाहिलेले असते. निर्णय घेणारी संस्था परदेशी पैशावर उभी, आणि जंगलाबाहेर राहायचे ते गावकऱ्यांनी. हे कोडे पैशाने पुरते सुटेल असे मला वाटत नाही. उद्यानाचे लोक ते ओळखून आहेत असे दिसले. दवाखाने, मुलींसाठी शाळेबाहेरचे वर्ग, नोकऱ्या, आणि डोंगरावर झाडांच्या सावलीत कॉफीची लागवड, असे उपाय चालू आहेत. कॉफीची युक्ती मला विशेष आवडली. डोंगरावरचे अरण्य मक्यासाठी तोडले जात होते आणि ते गेले की सरोवराचे पाणीही जाणार. कॉफीला सावली लागते, म्हणून शेतकऱ्याला झाड राखण्यात फायदा. २०१३ नंतर याच डोंगरावर पुन्हा चकमकी झडल्या, तरीही हे काम टिकले. १ ऑगस्ट २०१९ रोजी सरकार व रेनामो यांनी युद्धबंदीच्या करारावर सह्या केल्या त्याही चितेंगोत, उद्यानाच्या आवारात.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात 'इदाई' चक्रीवादळ बैरावर आदळले होते. काकांच्या शेजाऱ्यांच्या घराचे छप्पर उडाले, शहरात पाणी शिरले. त्या वेळी उरेमाच्या मैदानाने अफाट पाणी पोटात घेतले आणि उद्यानाचे पहारेकरी होड्यांतून, हेलिकॉप्टरमधून गावोगाव धान्य पोचवत होते. आम्ही ज्या वाटाड्याबरोबर हिंडत होतो तोही त्यात होता. तो त्याविषयी फारसे बोलला नाही. "आठ दिवस बूट काढले नाहीत," एवढेच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी पहाटे एक फेरी झाली. सुदैवाने तोच कळप भेटला, या वेळी दूर, पुंग्वेच्या काठच्या झाडीत. म्हातारी पुढे होती. तिच्या मागे एक लहान पिलू सोंडेने आईचे शेपूट पकडायचा प्रयत्न करीत होते. सोंड अजून त्याच्या ताब्यात आलेली नव्हती. पिलाची आई बिनसुळ्याची होती. मी वाटाड्याला विचारले, "हिला येणार का सुळे?" तो म्हणाला, मुलगी आहे, येतील किंवा येणार नाहीत, दोन्ही शक्यता सारख्या, दोन वर्षांची झाल्याशिवाय ओठाबाहेर काही दिसत नाही. मग त्याने वही काढली, पिलाच्या कानाची आकृती काढली, तारीख घातली आणि सुळ्यांच्या रकान्यात एक टिंब देऊन वही मिटली.